आपल्या माणसांत

मुंबईत पाऊल ठेवल्यापासून मला लोकांनी एकच प्रश्न विचारला. आडनाव काय? कॉलेजच्या कारकुनाने विचारला, वाडीतल्या बायकांनी विचारला, वर्गातल्या मुलींनी तर पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून पाठीत बोट खुपसून विचारला. जहाजाचा प्रवास सोसला का, आई आठवते का, जेवण उतरतं का घशाखाली, हे कुणाला सुचलं नाही. आता माझे केस पांढरे झाले, तरी तो प्रश्न कानावर आला की तळपायाची आग मस्तकाला जाते. आमच्या इमारतीत नवं बिऱ्हाड आलं की बायका जिन्यात गाठून आधी तेच विचारतात. मी सरळ दार लावून घेते. त्या मला खडूस म्हणतात, म्हणोत.

मी मॉरिशसची. तिथली मराठी. पणजोबा रत्नागिरीकडून ऊस तोडायला गेले ते तिकडचेच झाले. बंदरावरच्या गोऱ्या कारकुनाने नाव विचारलं, पणजोबांनी आपलं नुसतं नाव सांगितलं, आणि तेच पुढे आमच्या घराण्याचं आडनाव होऊन बसलं. आमच्याकडे ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगत आणि सगळे हसत. पणजोबांचं खरं आडनाव काय, गाव कुठलं, जात कुठली, ते समुद्रात पडलं म्हणायचे. त्याच्या जागी आमच्याकडे दुसरं नातं होतं. जे एका जहाजातून आले ते जहाजभाऊ. त्यांच्या मुलानातवंडांत सोयरीक होत नसे, कारण ती सख्खी भावंडं. कुणी मेलं तर जहाजभाऊ सुतक पाळत. "तुम्ही कोण?" असं आमच्याकडे कुणी विचारलं तर आम्ही जहाज सांगायचो. मला वाटायचं जगात सगळीकडे असंच असतं.

माझे वडील दिवसा साखर कारखान्याच्या कचेरीत असत आणि संध्याकाळी बैठकीत मुलांना बाराखडी शिकवत. बैठक म्हणजे पत्र्याची एक खोली, चटया आणि एक फळा. मला ती बैठक चालवायची होती, पण वडिलांसारखी अंदाजाने नाही, नीट मराठी शिकून, बी.ए. होऊन. मुलीला बोटीत एकटं घालायला वडील तयार नव्हते. त्यांना तयार केलं आमच्या जहाजकाकांनी. त्यांचे आजोबा आणि माझे पणजोबा एका जहाजातले. काका आमच्या ओट्यावर बसून वडिलांना म्हणाले, "अरे, परदेशी कुठं धाडतोयस तिला? आपल्या माणसांत धाडतोयस." वडील विरघळले. पण त्यांनी अट घातली. चांगल्या मराठी घरात राहायचं. ती सोय मोडली तर पुढच्या बोटीने परत यायचं, आणि परत आल्यावर लग्न. वडील बोलले की बोलले. तेव्हा राहायच्या जागेवर माझं सगळं शिक्षण टांगलेलं होतं, हे मी बोटीतही विसरले नाही.

चांगलं घर मिळालं ते फणसवाडीत. निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको, मुलं नोकरीनिमित्त बाहेरगावी. मास्तरांना दूरदेशीच्या मराठी माणसांचं फार कौतुक. ते आमच्या बैठकीला जुनी मासिकं पाठवत, म्हणून ओळख. मी आले त्या साली मुंबईत गोळीबाराच्या जखमा ताज्या होत्या. कोणाच्या गल्लीतला कोण गेला, हे लोक जेवताना सांगत. पुढे द्विभाषिक राज्य झालं तेव्हा तर वाडीत सुतक असल्यासारखं वाटलं. मास्तर रोज सभेला जात. एका मोर्चात त्यांच्या खांद्यावर लाठी बसली होती, काकू रात्री हळद गरम करून लावत. हे मी मुद्दाम सांगते आहे. मास्तर लबाड नव्हते. लबाड माणसावर रागावणं सोपं असतं.

कॉलेजात माझी अवस्था जत्रेतल्या पिंजऱ्यातल्या जनावरासारखी होती. "तुमच्याकडे सिंह असतात का?" "तू साडी इथे येऊन शिकलीस का?" एक प्राध्यापक हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबत आणि "आमची परदेशी पाहुणी" म्हणत. सगळा वर्ग वळून बघायचा. मी मराठीत उत्तर दिलं की मुली तोंडावर पदर घेऊन हसत. माझं मराठी आजीचं होतं, कोकणातल्या भातखाचरातलं. त्यांना ते मोलकरणीचं वाटे. एकीने तर विचारलंच, "तुझी आई धुणंभांडी करायची का गं?" मी म्हटलं, "हो, घरची करते. तुझी नाही करत?" त्या दिवसापासून पहिल्या बाकावरच्या मुली माझ्याशी बोलेनाशा झाल्या. लेडीज रूममध्ये मी गेले की गप्पा थांबत. इंग्रजीचं मला भय नव्हतं, फ्रेंचही येत होतं. पण ज्या भाषेसाठी समुद्र ओलांडून आले तिच्यातच मी गावंढळ ठरले, याचा संताप होई. मी रात्री पांघरुणात रडत नसे. मी दात खात असे. काकू म्हणत, "झोपेत दात खातेस गं, जंत झालेत का?"

मात्र घरी काकू मायेने वागत. मी स्वयंपाकघरात वावरत होते, पोळ्या लाटत होते, गौरीच्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम चांगलं पातळ नेसवून वाडीतल्या बायकांपुढे बसवलं. "आमच्यातलीच आहे हो," म्हणाल्या. मला वाटलं, आमच्यातली म्हणजे मराठी. माझा ऊर भरून आला. मी त्या रात्री घरी कळवलं की मी खरोखरच आपल्या माणसांत आहे, काळजी करू नका. किती मूर्ख असावं माणसानं!

खरी गोष्ट कळली ती माघात, गल्लीतल्या एका सभेत. निवडणुका तोंडावर होत्या, रोज कुठे ना कुठे सभा. मास्तर दोन दिवस माझ्यामागे लागले होते. "तू फक्त उभी राहा आणि चार वाक्यं बोल. सातासमुद्रापार मराठी जिवंत आहे, याचा तू चालताबोलता पुरावा आहेस." मला पुरावा व्हायचं नव्हतं. पण घर त्यांचं, आणि मलाही चळवळीची ओढ होतीच. जिथून आपली माणसं उपाशी निघाली, तो मुलूख एक व्हावा असं मलाही वाटत होतं. दोन लाकडी पलंग जोडून व्यासपीठ केलं होतं, वर पेट्रोमॅक्स. गॅलऱ्या बायकांनी भरलेल्या, खाली रस्त्यात पुरुष मांडी घालून बसलेले. मास्तर उभे राहिले, मराठी माणूस सारा एक, इथपासून सुरुवात केली आणि मग माझ्याकडे हात करून माझं नाव घेतलं. माझ्या नावापुढे त्यांनी एक आडनाव लावलं.

अस्सल कोकणस्थी आडनाव. वर म्हणाले, "आमच्याच नात्यातलं दूरचं घराणं. मी शोधून काढलंय."

टाळ्या पडल्या. गॅलरीत काकू शेजारणीकडे बघून मान डोलवत होत्या. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काकूंचं "आमच्यातलीच" म्हणजे काय, मला स्वयंपाकघरात मोकळीक कशी, गौरीसमोर मला का बसवलं, सगळं एका क्षणात कळलं. मास्तरांनी हा शोध कसा लावला तेही मला नंतर कळलं. आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा असतो असं मी त्यांना सांगितलं होतं. आणि माझे डोळे घारे. एवढ्यावरून त्यांनी माझी जात काढली, वैद्य जीभ बघून रोग काढतो तशी. ते घारे डोळे आमच्या वंशात कुठल्या फ्रेंच मळेवाल्याकडून आले असतील, ते माझ्या पणजीला ठाऊक आणि देवाला. पण मास्तरांना आडनावाशिवाय मुलगी घरात ठेवता येत नव्हती, म्हणून त्यांनी ते बनवलं. बरं, बनवलं ते बनवलं, मला विचारायचीसुद्धा गरज वाटली नाही.

गप्प बसले असते तर खोली राहिली असती. खोली राहिली असती तर बी.ए. राहिलं असतं. हे सगळं पलंगाच्या त्या फळ्यांवर उभी असताना मला स्पष्ट दिसत होतं. पण तोंड उघडलं आणि निघालं ते हेच: "मास्तरांनी सांगितलं ते आडनाव माझं नाही. मला आडनाव नाही. माझे पणजोबा ऊस तोडायला गेले, ते एका जहाजातून गेले, आणि त्या जहाजातले सगळे आमचे भाऊ. मी मराठी आहे, एवढंच मला माहीत आहे."

मग रस्त्यावरून एक आवाज आला, चांगला खणखणीत.

"ते ठीक हाय हो बाई. पण जात कुठली?"

आणि लोक हसले. मराठी माणूस सारा एक म्हणून नुकत्याच टाळ्या वाजवलेले लोक, गोळीबारात माणसं गमावलेले लोक, पोट धरून हसले. कुणीतरी घोषणा दिली, सगळ्यांनी ती उचलली आणि सभा पुढे चालू झाली. मी पलंगावरून उतरले. रागाने चपलाही न घालता तरातरा निघाले. लोकांना वाटलं मुलगी लाजली.

घरी मास्तर फक्त एवढंच म्हणाले, "चारचौघांत मला तोंडघशी पाडलंस. मी तुझ्या भल्यासाठीच केलं होतं." मी म्हटलं, "माझ्या नावाचं भलं तुम्ही का करायचं?" ते खांदा चोळत आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर माझं ताट मांडलेलं होतं. आत काकू चिंचेने सगळी भांडी घासत होत्या, वापरातली आणि फळीवरची पण. पाण्याचा हंडा जागचा हलवलेला. त्या काही वाईट बोलल्या नाहीत. खाली मान घालून घासत होत्या आणि मधूनच डोळे पुसत होत्या. "इतके महिने तू माझ्या परातीत पीठ मळलंस गं," म्हणाल्या. "आधी सांगायचं तरी." काय सांगायचं? जे मला माहीतच नाही ते? त्यांच्या रडण्याचा मला जास्त राग आला. शिव्या दिल्या असत्या तर उलट देता आल्या असत्या. मास्तरांच्या खांद्यावरचा वळ खरा होता, आणि चिंचेने घासलेली ती भांडीही खरीच. दोन्ही एकाच घरात कशी राहतात हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही, आणि आता मी ते सोडवतही नाही.

मी ताटाला हात लावला नाही. ट्रंक भरली.

परीक्षा तोंडावर आलेली आणि मी गिरगावात, दादरला, दारोदार खोली विचारत हिंडत होते. रात्रीपुरता आसरा खोताच्या वाडीतल्या एका ख्रिस्ती बाईंनी दिला, चांगल्या होत्या बिचाऱ्या, पण त्यांची लेक बाळंतपणाला येणार होती. दादरच्या एका मुलींच्या वसतिगृहात बाईंनी मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि मग तोच प्रश्न विचारला. मी चहा तसाच ठेवून उठले. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या जिन्यात मला एका मुलीने गाठलं. माझ्याच वर्गातली, शेवटच्या बाकावर बसणारी, कुणाशी फारसं न बोलणारी. म्हणाली, "तुझी ट्रंक शिपायाच्या खोलीत का पडलीय?" मी सगळं सांगितलं. ती हसली. "म्हणजे तुझ्याकडं आडनाव नाही म्हणून हाकललं. आमच्याकडं आहे म्हणून कुणी घेत नाही. चल माझ्या घरी."

करी रोडच्या चाळीतली ती एक खोली. तिचे वडील गिरणीत कापडाच्या साच्यावर, भाऊही गिरणीत, आई घर सांभाळून खाली गोधड्या शिवून द्यायची. काही महिन्यांपूर्वीच बौद्ध झालेलं घर. देवांची फळी रिकामी करून तिच्यावर मैत्रिणीची पुस्तकं मांडलेली, भिंतीवर बुद्धाची तसबीर. मी दारात ट्रंक घेऊन उभी. तिची आई हात पुसत पुढे आली, मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, "काय गो बाय, उभी का ऱ्हायलंस? आत ये. जेवलंस काय?"

मी तिथेच मटकन बसले. माझी आजी असंच बोलायची. याच चालीत, याच हेलात. ज्या मराठीला कॉलेजातल्या मुली हसल्या ती मराठी मुंबईत पहिल्यांदा मला कुणी उलट ऐकवली, ती इथे. मावशींना, म्हणजे तिच्या आईला, वाटलं मला चक्कर आली. त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि "पोरीनं दोन दिस काय खाल्लेलं दिसत नाय," म्हणून लेकीला शिव्या घातल्या.

तिथे पाहुणचार वगैरे काही झाला नाही. दुसऱ्याच दिवशी मावशींनी माझ्यापुढे भांड्यांचा ढीग ठेवला. "परीक्षा दोघींची हाय, भांडी पण दोघींनी घासायची." पुरुष गॅलरीत झोपत, आम्ही तिघी आत. अभ्यास पहाटे, गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी. मैत्रीण हुशार आणि कडवट, माझ्याहून तापट. आम्ही पाठांतर करता करता भांडायचो आणि मावशी आतून ओरडायच्या, "गिरणीत बरी गो शांतता!" मोर्चा असला की मावशी चार कामं टाकून जात, पदर खोचून, पुढच्या रांगेत. मोर्चात त्यांच्याबरोबर घोषणा देणाऱ्या शेजारच्या चाळीतल्या बाया संध्याकाळी नळावर मात्र त्यांच्या हंड्यापासून आपला हंडा हातभर दूर सरकवत. मी एकदा त्या बायांवर तुटून पडले. मावशींनी दंडाला धरून मला मागे ओढलं. "पाणी जाईल, आधी भर. मग भांड," म्हणाल्या.

वडिलांना मी कळवलं. लपवण्यासारखं काही होतं असं मला वाटलंच नाही. उलट मला वाटलं, वडिलांना आनंद होईल. जहाजात एका ताटात जेवलेल्यांची गोष्ट ज्यांनी मला जन्मभर सांगितली, त्यांना हे घर चांगलं घर वाटणार नाही, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

परीक्षेच्या आठवडाभर आधी जहाजकाका आले. काशीला निघाले होते, बोटीने मुंबईत उतरले. आधी चौकशीला फणसवाडीत गेले, तिथून काकूंनी त्यांना सगळं सांगून इकडे पाठवलं. तिसऱ्या प्रहरी ते ट्रामने आले, मग उन्हात चाळ शोधत फिरले असावेत. दारात उभे राहिले तेव्हा कोट घामाने भिजलेला, ओठ सुकलेले. मी धावत जाऊन पाया पडले. घर सोडून वर्ष होत आलं होतं आणि घरचं माणूस समोर उभं होतं. मला काय वाटलं ते लिहायला शब्द नाहीत, आणि नंतर जे झालं त्यामुळे शोधायची इच्छाही नाही.

मावशींनी त्यांना बाकावर बसवलं, पितळेच्या तांब्यात पाणी आणि वर फुलपात्र आणून ठेवलं. "बोटीनं आलात व्हय? लय दिस लागलं असतील." काका म्हणाले, "व्हय तर. दर्या लय खवळलेला." दोघं बोलत होते तेव्हा डोळे मिटून ऐकलं असतं तर बहीणभाऊ वाटले असते. तोच हेल, तेच शब्द. पण काकांनी तांब्याला हात लावला नाही. त्यांची नजर भिंतीवरच्या तसबिरीवर गेली आणि तिथून खाली सतरंजीवर आली.

"उन्हातनं आलात, पाणी घ्या की," मावशी म्हणाल्या.

"उपास हाय आज."

मावशी हसल्या. "पाण्याचा पण?"

काका बाकाच्या कडेला सरकले. मावशींना कळलं. त्या तांब्या तिथेच ठेवून गॅलरीत गेल्या. मैत्रीण पुस्तकात तोंड खुपसून बसली होती, तिने पान उलटलं नाही. माझा चेहरा पेटला होता. मी म्हटलं, "काका, कसला उपास? आज कुठला वार आहे?"

ते हळू आवाजात बोलायला लागले, म्हणजे त्यांना वाटलं हळू. "बापाशीनं सांगितलंय, सामान भर. पुढल्या बोटीनं परत. हितं ऱ्हायचं नाय. हे आपल्यातले नव्हेत." मी म्हटलं, "आपल्यातले म्हणजे काय? आपल्याला तर काहीच माहीत नाही. आडनाव नाही, जात नाही." काकांनी माझ्याकडे बघितलं, लहान मुलाकडे बघतात तसं.

"कोण म्हणतं नाय?" ते म्हणाले. आणि त्यांनी आमचं आडनाव सांगितलं. पाठोपाठ गाव सांगितलं. जात सांगितली. "पणजानं कारकुनाला सांगितलं नाय, पण पोरांना सांगून ठेवलं. तुझ्या बापाशीला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय. सोयरीक करताना बघायला लागतं. तुला लग्नाच्या वक्ताला सांगणारच होते."

म्हणजे समुद्रात काहीच पडलं नव्हतं. ट्रंकेच्या तळाशी चांगलं लुगडं घालून ठेवावं तसं सगळं नीट घडी करून ठेवलं होतं, वेळ पडली की काढायला. लग्नालग्नांत सांगितलेली ती गोष्ट, ते हसणं, जहाजभावांचं ते नातं, सगळं वरवरचं. आणि आडनावसुद्धा काही मोठं नव्हतं. मास्तरांनी मला ज्या पायरीवर चढवलं होतं तिच्या कितीतरी खालचं. काकूंनी त्याही आडनावासाठी भांडी घासलीच असती. पण या खोलीतलं पाणी नाकारायला ते पुरेसं होतं. खाली कुणी असलं की झालं. मला त्या क्षणी मास्तरांचा जेवढा राग आला नव्हता तेवढा माझ्या वडिलांचा आला. मास्तर निदान चुकले होते. वडिलांना सगळं माहीत होतं, आणि तरी ते मला बैठकीत मांडीवर घेऊन आपण सारे एक म्हणून शिकवत होते. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि तो मी अठरा वर्षं पोटभर जेवले होते.

मी विचारलं, "जहाजात पाणी एकाच पिपातलं होतं ना काका? तुम्हीच सांगायचात."

"ते जहाज होतं, पोरी," काका म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं. "जहाजात चालतं. उतरल्यावर नाय चालत."

"मग बाबांना सांगा, मी अजून उतरले नाही. मी येत नाही."

त्यांनी मला खूप समजावलं. वडील पुन्हा तोंड बघणार नाहीत म्हणाले. ते खरंच झालं, म्हणून इथेच सांगून टाकते. वडिलांनी मला तोडलं. शिकवण्या करून मी पुढची वर्षं काढली, त्याच खोलीतून बी.ए. झाले, आणि मराठी राज्य झालं त्या रात्री मावशींबरोबर रस्त्यात नाचले. बैठक चालवायला मात्र मी कधीच परत गेले नाही. वडील गेल्याचं मला सुतक फिटल्यावर कळलं.

काका उठले. मी खाली पोचवायला गेले नाही, जाववलंच नाही. गॅलरीत मावशींशेजारी जाऊन उभी राहिले. संध्याकाळचं पाणी नुकतंच आलं होतं, चाळीच्या चौकातला नळ धो धो वाहत होता आणि बायकांची रांग अजून लागायची होती. काका जिना उतरून चौकात आले. नळापाशी थांबले. इकडे तिकडे बघितलं, वर मात्र बघितलं नाही. मग कोटाची बाही मागे सारून ओंजळ धरली आणि घटाघटा पाणी प्यायले. पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा प्यायले. किती तहानले होते बिचारे! तोंडावर पाणी मारलं, पंच्याने पुसलं आणि फाटकाबाहेर पडले.

मावशी कठड्यावर हात ठेवून बघत होत्या.

"त्याच नळाचं भरलेलं हाय मी सकाळी," त्या म्हणाल्या, आणि बाकावरचा तांब्या उचलून आत गेल्या.